वर बर्फाचा दगड, खाली दूध नासतंय: डबल डोअर फ्रीजचं करायचं काय?

अनघा_मिरज (मंगळवार, रात्री ९:१५)

नमस्कार मंडळी. आमचा फ्रीज २६० लिटरचा डबल डोअर, वर फ्रीझर आणि खाली फ्रीज असा साधाच प्रकार. सहा वर्षं झाली, आजवर एक रुपया मागितला नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र विचित्र चाललंय. वर आईस्क्रीम दगडासारखं, चमचा वाकतो. आणि खाली काल तापवून ठेवलेलं दूध आज चहात घातलं की फाटतंय. इडलीचं पीठ रात्रीत झाकण उचलून बाहेर आलं, तेही फ्रीजमध्ये! कोथिंबिरीने दोन दिवसांत मान टाकली.

मेकॅनिक येऊन गेला. मागे वाकून कॉम्प्रेसरला हात लावला, "गॅस संपलाय ताई, ३२०० लागतील" म्हणाला. आत काही उघडून बघितलंच नाही. नवरा म्हणतो भरून टाक आणि मोकळी हो. सासूबाई म्हणतात फ्रीज विका, माठ आणा. माझा प्रश्न साधा आहे: गॅस संपला असेल तर वर बर्फ कसा होतोय?

वरचं बटण मी फुल करून बघितलं. उलट खाली जास्तच गरम झालं.

पेठकर (९:३०)

गॅसच. आमच्याकडेही हेच झालं होतं. भरला, दोन महिने चालला, परत तेच. मग फ्रीज बदलला.

शीतयंत्र (९:५२)

पेठकर, तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे की. गॅस काही पेट्रोल नाही जळून संपायला. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणं. तुमच्या दोन महिन्यांचं कोडं तिथेच सुटलं.

अनघाताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. गॅस गेला की फ्रीझरही मऊ पडतो. आईस्क्रीमची खीर होते, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि फ्रीजच्या बाजू कोमटसुद्धा लागत नाहीत. तुमचं याच्या बरोबर उलट आहे.

आता थोडं लांबण लावतो, कारण हे एकदा समजलं की निम्मे मेकॅनिक दारातूनच परत जातील.

तुमच्यासारख्या फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये खालचा कप्पा स्वतः थंड होतच नाही. थंडी तयार होते एकाच ठिकाणी, फ्रीझरच्या मागच्या पांढऱ्या पॅनलच्या मागे. तिथे कॉइल, म्हणजे थंड नळ्यांचं वेटोळं आहे आणि वर एक छोटा पंखा. तो पंखा कॉइलवरची थंड हवा फ्रीझरमध्ये फेकतो, आणि त्यातला थोडा वाटा मागच्या बोगद्यातून खाली सोडतो. खालच्या कप्प्यात मागे वरच्या बाजूला फटी दिसतात ना, थंडी येते ती तिथूनच. बोगद्याच्या तोंडाशी एक झडप असते, डँपर म्हणतात. बऱ्याच मॉडेलमध्ये फ्रीझरमधलं बटण हे या झडपेचं असतं. म्हणजे ते फुल केलं की वर जास्त वारा, खाली कमी. म्हणून तुमचं खाली आणखी गरम झालं. काही कंपन्यांत बटणांची कामं उलटी असतात, तेव्हा पुस्तिका बघा. सध्या दोन्ही मधोमध आणून ठेवा.

आता रोग. कॉइलवर दमट हवेतलं पाणी गोठतं. ते वितळवायला कॉइलखाली एक हीटर असतो. साधारण आठ-दहा तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, हीटर लागतो, पंधरा-वीस मिनिटांत बर्फ वितळून पाणी नळीवाटे मागे कॉम्प्रेसरवरच्या तबकडीत पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. हे बंद पडलं तर कॉइलवर थर चढत जातो, वाऱ्याची वाट बुजते. फ्रीझर कॉइलला चिकटून आहे, तो तग धरतो. खालचा कप्पा उपाशी.

दोन गोष्टी बघून सांगा. एक, फ्रीझरच्या मागच्या पॅनलवर आतून बर्फाचं पांढरं फुगलेलं दिसतंय का? दोन, फ्रीझरचं दार उघडा आणि दाराजवळचं छोटं बटण बोटाने दाबून धरा. दार उघडलं की पंखा थांबतो, बटण दाबलं की फिरायला हवा. आवाज येतो का?

चिपळूणचा_बाळ (१०:२०)

शीतयंत्र काका, आमच्याकडे पावसाळ्यात दाराच्या कडेला बाहेरून घाम येतो. हाही रोगच का? आणि दोन दारांच्या मधली पट्टी चटका लागावा इतकी गरम असते. बायको म्हणते शॉर्ट झालंय.

शीतयंत्र (१०:३१)

नाही रे बाबा, ती पट्टी गरमच असायला हवी. कॉम्प्रेसरकडून येणारी गरम नळी मुद्दाम चौकटीतून फिरवलेली असते, घाम येऊ नये म्हणून. बाजूही गरम लागतात, कारण जुन्या फ्रीजची मागची काळी जाळी आता बाजूच्या पत्र्यात लपवलेली असते. म्हणून तर भिंतीला चिकटवू नका म्हणतात. जुलैत कोकणात थोडा घाम येणारच, पुसून टाका. एकाच कोपऱ्यात थेंब धरत असतील तर मात्र दाराचं रबर बघ. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून बंद कर आणि ओढ. सहज निघून आली तर तिथून हवा जातेय. आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने पूस, घड्यांत साय आणि पिठाचा चिकटा बसलेला असतो. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

अनघा_मिरज (बुधवार, सकाळी ७:४०)

पंखा: बटण दाबल्यावर खर्र खर्र असा आवाज येतोय, पाती कशाला तरी घासत असल्यासारखा. पॅनलच्या खालच्या बाजूला हात लावला तर पॅनल पोटासारखं पुढे आलंय! हे आजवर लक्षातच आलं नव्हतं, पुढे मटाराच्या पिशव्या होत्या.

शीतयंत्र (८:०५)

पकडला. पाती बर्फाला घासतायत. आता फुकटातली परीक्षा करा. सगळं सामान काढून शेजारी द्या, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाका आणि पूर्ण २४ तास तसंच राहू द्या. खाली आणि मागे जुनी फडकी अंथरा, मागची तबकडी भरून वाहते. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं काही लावू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक टोचा पडला की मग मेकॅनिकचं भाकीत खरं ठरेल. हेअर ड्रायरही नको, प्लास्टिक वाकडं होतं आणि पाणी ठिबकत असताना हातात विजेची वस्तू हवी कशाला.

त्यानंतर फ्रीज चालू केल्यावर आठ-दहा दिवस मस्त चालला आणि पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवायचा भाग गेला हे नक्की. मग तुम्हीच मेकॅनिकला सांगायचं काय बघायचं ते.

न्यूजर्सीची_माई (बुधवार, रात्री ८:१०)

इकडे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये बहुतेक असाच फ्रीज असतो, वर फ्रीझर. आमचा अगदी असाच आजारी पडला तेव्हा बिल्डिंगच्या माणसाने आतल्या कोपऱ्यातलं एक बटण स्क्रूड्रायव्हरने टिक-टिक-टिक फिरवलं आणि कॉम्प्रेसर गपकन थांबला. तो बर्फ वितळवायची वेळ ठरवणारा टायमर होता. हाताने डीफ्रॉस्टवर आणला. पाच मिनिटांत आतून चुर्र आवाज यायला लागला, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. म्हणाला हीटर चांगला आहे, टायमरच अडकलाय. काम झालं.

जाता जाता: इकडचा फ्रीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. परत भारतात जाताना "एवढा चांगला फ्रीज" म्हणून कंटेनरमध्ये घालू नका. आमच्या ओळखीतल्यांनी नेला, आता त्यात तांदूळ ठेवतात.

शीतयंत्र (८:३४)

माईंनी सांगितलेली युक्ती जुन्या, चक्राच्या टायमरवाल्या फ्रीजला इथेही चालते. आता बहुतेकांत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तिथे फिरवायला काही नसतं. पण चुर्र आवाजाची खूण दोन्हीकडे लागू. तो आवाज आणि अधूनमधून "कड्" असा प्लास्टिक ताणल्याचा आवाज हा फ्रीजचा रोजचा संसार आहे, घाबरायचं नाही.

पेठकर (९:०२)

चला, गॅस नाही मान्य. पण मुळात हे फ्रॉस्ट फ्रीचं लचांड हवंच कशाला? आमच्या आईचा सिंगल डोअर डायरेक्ट कूल अजून चालतो. पंखा नाही, हीटर नाही, बिघडायला काही नाही.

शीतयंत्र (९:२०)

अर्धं बरोबर. डायरेक्ट कूल साधा, स्वस्त, वीजही सहसा कमी खातो. पण दर पंधरा दिवसांनी बटण दाबून बर्फ काढायचा, आणि घाईत सुरी मारून फ्रीझरला भोक पाडलेले किती फ्रीज मी बघितले त्याची गणती नाही. चार-पाच माणसांचं घर, आठवड्याची भाजी, मटार-आंब्याचा रस साठवायचा असेल तर डबल डोअरला पर्याय नाही. माझा धंदा तीस वर्षं यावरच चालला, पण दोष फ्रीजपेक्षा वापराचाच जास्त असायचा. खालच्या फटींसमोर कढईभर आमटी ठेवायची आणि मग म्हणायचं थंड होत नाही!

नवीन_भाडेकरू (गुरुवार, दुपारी १:१५)

धागा चोरतोय, माफी असावी. शनिवारी आमचा नवा डबल डोअर येतोय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वाड्याचा वळणाचा जिना. टेंपोवाला म्हणतो आडवा घालून आणतो. आणू देऊ?

चिपळूणचा_बाळ (१:४०)

नको. आमचा तर पुरात आडवा होऊन पोहलाय, २०२१ च्या जुलैत. फ्रीज तरंगतो हे तेव्हा कळलं. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी लगेच प्लग लावला त्यांचा, आणि धूर. आमचा महिनाभर वाळवला, वायरिंग तपासून घेतलं, तरी शेवटी भंगारातच गेला.

शीतयंत्र (२:०५)

भाडेकरू, शक्यतो उभाच. जिन्यात तिरका करावा लागतो, तेवढा चालतो. आडवा आणलाच तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, म्हणून उभा केल्यावर किमान चार तास प्लग लावायचा नाही. फार वेळ आडवा होता तर रात्रभर थांबा. उभा आणला तरी तासभर थांबलेलं बरं.

जागा: ओट्याच्या गॅसशेजारी नको, दुपारचं ऊन येतं तिथे नको. मागे चार बोटं आणि बाजूंना दोन-दोन बोटं मोकळी, वर फूटभर. वर कुंडी, खाली प्लास्टिक, मागे पोती असा संसार थाटू नका. पाय फिरवून पुढची बाजू किंचित उंच ठेवा, दार अर्धवट सोडलं तर आपण होऊन मिटलं पाहिजे. चाकांच्या स्टँडवर ठेवणार असाल तर आधी स्टँड हलवून बघा. डुगडुगत असेल तर रात्री कॉम्प्रेसर थांबताना भांडी वाजतील आणि तुम्ही उंदीर शोधत बसाल.

वीज: स्वतंत्र पॉइंट, तीन पिनी, अर्थिंग खरं असलेला. वाड्यात तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, वायरमनला टेस्टलॅम्प लावून दाखवायला सांगा. एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर आणि फ्रीज एकत्र नको. चालू केल्यावर चार-पाच तास रिकामा चालवा, मग सामान भरा, आणि तेही एकदम नाही.

आणि एक. नव्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो. एका फ्रीजमध्ये जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, पण आपल्या सिलिंडरसारखाच पेट घेणारा. मागच्या स्टिकरवर ज्वालेचं चिन्ह असेल तर घरात, बंद खोलीत कोणाला नळीला ज्योत लावू देऊ नका. याचं काम त्याचं प्रशिक्षण असलेल्यानेच करायचं.

चिपळूणचा_बाळ (२:३०)

काका, स्टॅबिलायझर लागतो का? दुकानदार म्हणाला इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला गरज नाही. आमच्याकडे संध्याकाळी १६० व्होल्ट असतात.

शीतयंत्र (२:४८)

"गरज नाही" याच्यापुढे बारीक अक्षरात व्होल्टेजची रेंज छापलेली असते, ती बघ. १६० त्या रेंजमध्ये बसत असेल तर नको. साध्या कॉम्प्रेसरला मात्र लाव, आणि वेळ-विलंबवाला लाव, म्हणजे लाईट येता-जाता तीन मिनिटं तो थांबेल. लगेच परत चालू केला तर नळ्यांतला दाब उतरलेला नसतो, कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, "हम्म्म टक्" करून बसतो. दर दोन मिनिटांनी असा टक् येत असेल तर एकतर व्होल्टेज कमी, नाहीतर रिले (कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा) नाहीतर ओव्हरलोड (ताण आला की वीज तोडणारा) गेला. हे शंभर-दीडशेचे भाग असतात. तिथेही "कॉम्प्रेसर गेला" सांगणारे भेटतात.

अनघा_मिरज (गुरुवार, रात्री १०:३०)

२४ तास झाले. सामान शेजारच्या काकूंकडे, दूध दुसऱ्या शेजाऱ्यांकडे, लोणची आणि चटण्या टेबलावर. आमच्याच घरात आम्ही निर्वासित. मागची तबकडी दोनदा भरून वाहिली. बर्फ पूर्ण गेला हे दिसावं म्हणून भावाने (इलेक्ट्रिकल डिप्लोमा) पॅनलचे दोन स्क्रू काढून पॅनल सरकवलं. शेवटचा तुकडा कॉइलला चिकटलेला होता, खरवसाच्या वडीसारखा पांढरा, जाड, आत बारीक बुडबुडे. हातात घेतला तर पंख्याच्या पात्याची गोल खाच कोरलेली!

खाली पाणी जायचं भोक होतं, त्यात काळं काहीतरी अडकलेलं. औषधाच्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं. तीनदा तुंबलं, चौथ्यांदा गुळण्या केल्यासारखा आवाज करून खाली गेलं. मटाराचं साल होतं.

आता भाऊ विचारतोय, पॅनल उघडलंच आहे तर मीटरने काय तपासू? प्लग काढलेलाच आहे.

शीतयंत्र (१०:५०)

शाब्बास. तीन वस्तू. हीटर: दोन टोकांत साधारण अडीचशे ते साडेतीनशे ओहम दाखवला तर चांगला, काहीच नाही तर तुटलेला. थर्मल फ्यूज: आरपार कंटिन्युइटी हवी, म्हणजे मीटरवर वाट सलग दिसली पाहिजे, नसेल तर बदलायचा. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. आणि बायमेटल, म्हणजे तापमान बघून हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच: कॉइलवर क्लिपने बसवलेली गोल बटणासारखी वस्तू, दोन वायरी.

इथे भले भले फसतात. बायमेटल थंड असताना जुळतो आणि उबेला सुटतो. आत्ता खोलीत तपासला तर तो तुटलेलाच दाखवणार, चांगला असला तरी. नुसत्या बर्फाच्या पाण्यात बुडवूनही चालत नाही, शून्याखाली जायला हवं. पिशवीत घालून चालू फ्रीझरमध्ये तासभर ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या मीटर लावा. तरीही जुळला नाही तर तोच गुन्हेगार.

अनघा_मिरज (शुक्रवार, दुपारी १२:१०)

हीटर २९० ओहम. फ्यूज बरोबर. बायमेटल भावाने कापून काढला, वायरींवर खुणा करून. आमचा फ्रीझर बंद, म्हणून काकूंच्या फ्रीझरमध्ये ठेवला. काकूंनी विचारलं, "काय गं हे?" म्हटलं, "फ्रीजची गोळी." दीड तासाने काढला, मीटर लावला. काही नाही. परत ठेवला, परत काढला. काही नाही. म्हणजे मेलाच ना?

शीतयंत्र (१२:२५)

मेला. मॉडेल नंबर दाखवून तसाच आणा, तापमानाचे आकडे अंगावर छापलेले असतात, ते जुळले पाहिजेत. जोड उघडा टेपने गुंडाळू नका, तिथे रोज पाणी असतं. क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. बसवताना कॉइलच्या त्याच जागी क्लिप करा.

पेठकर (१२:४०)

कितीला मिळाला ते लिहा. मला माझ्या ३२०० गुणिले दोनचा हिशोब लावायचाय.

अनघा_मिरज (रविवार, रात्री ९:५५)

वायरीसकट बायमेटल ३५० रुपये. भावाची मजुरी: बासुंदी.

शुक्रवारी संध्याकाळी फ्रीज चालू केला. मधल्या कप्प्यात पेल्यात पाणी आणि त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवला (तापाचा नव्हे, सासूबाईंनी तोच आणून दिला होता). शनिवारी सकाळी ४ अंश, आज रात्री ३. फ्रीझरमध्ये उणे १८. आणि काल रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातून चुर्र आवाज आला. नवरा उठून गॅस बघायला धावला. मी अंथरुणातूनच सांगितलं, हीटर आहे, झोपा.

दोन्ही बटणं मधोमध. खालच्या फटींसमोर आता काही ठेवत नाही, तिथे टोपलीत नुसती लिंबं. माठही आलाय, तो वेगळा विषय.

शीतयंत्र (१०:१०)

दहा दिवस वाट बघा, पॅनल फुगलं नाही तर धागा बंद. आणि तो जुना बायमेटल टाकून देऊ नका, भावाला पुढच्या वेळी ओळखायला उपयोगी पडेल.

अनघा_मिरज (१०:१४)

अरे देवा. तो अजून काकूंच्या फ्रीझरमध्ये आहे, मटाराच्या पिशवीमागे.